दुपार पँथिऑनला द्या

समजा, मनातल्या मनात तुम्ही रोममधला एक दिवस आखलाय: सकाळी कोलोसियम, संध्याकाळी ट्रेव्हीचं कारंजं; मधली दुपार मात्र मोकळीच राहिलीये. ती पँथिऑनला, म्हणजे तिथल्या घुमटाच्या प्राचीन रोमन मंदिराला द्या. आणि दिवस कल्पनेतलाच आहे, तर पाऊसही येऊ द्या! घुमटाच्या माथ्यावर जवळजवळ ९ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि किंचित उताराच्या संगमरवरी फरशीतल्या छोट्या छिद्रांतून निघून जातो. घुमट काँक्रीटचा, पण आत लोखंडाची एक सळई नाही. वर जाताना हलका प्यूमिस दगड मिसळत गेलेत. सुमारे १९०० वर्षं उभा आहे तो. चित्रकार राफाएललाही तिथेच पुरलंय. बाहेर आलात की रस्त्यावरच्या बिडाच्या नळाची तोटी बोटाने दाबून बघा, वरच्या छिद्रातून गार पाण्याची धार थेट तोंडाशी येते.