खतं बुडवणारे तुकोबा आणि 'जोडोनियां धन'

इंद्रायणीकाठ
आमच्या हरिपाठात परवा एकजण म्हणाले, माळकऱ्याने पैशाच्या वाटेला जाऊ नये. मला हे पटत नाही. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेंच करी' हे तुकोबांचंच सांगणं आहे. आधी जोडायचं, मग वेचायचं. यातला 'उदास' म्हणजे खिन्न नव्हे, अलिप्त. माझे वडील किराणा दुकान चालवायचे आणि दरवर्षी पायी वारी करायचे. मापात पाप केलं नाही, उधारीसाठी कुणाला चारचौघांत बोलले नाहीत. दुकान त्यांच्या भक्तीच्या आड आलेलं मी कधी पाहिलं नाही.

काळी माती
एवढी एकच ओळ धरून कसं चालेल? तुकोबांच्या घरात महाजनकी आणि सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको 'अन्न अन्न करितां' गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, शिवाजी महाराजांचा नजराणा परत केला, असं परंपरा सांगते. 'तुमचें येर वित्त धन । तें मज मृत्तिकेसमान' म्हणणारा माणूस 'जोडा' म्हणतो, तेव्हा 'उत्तम वेव्हारें' ही अट आधी वाचावी. व्याजात दुसऱ्याचं शेत गिळायचं आणि एकादशीला फराळ वाटायचा, हे वेचणं नव्हे.

इंद्रायणीकाठ
अटीबद्दल दुमत नाहीच. पण खतांची हकीकत पुरी सांगा. निम्मी खतं धाकट्या कान्होबाला वाटून दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. आपलं वैराग्य भावाच्या संसारावर लादलं नाही.

चूल आणि चिपळ्या
भावावर नाही, जिजाईवर लादलं गेलंच की! घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, आणि भाकरी घेऊन डोंगर चढणारी ती. कीर्तनात तिला कजाग ठरवून हशा पिकवतात, तेव्हा मला फार लागतं. पोरांच्या तोंडी काय घालू, हे विचारणं लोभ आहे का?

काळी माती
नाही, ताई. तिचा प्रश्न खराच आहे. पण ज्यांची खतं बुडाली त्यांच्याही घरी चुली होत्या. ती वसुली झाली असती तर त्या विझल्या असत्या. म्हणून मला गाडगेबाबा जवळचे वाटतात. पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःपाशी गाडगं, खराटा, अंगावर चिंध्या. पैसा हातातून गेला, हाताला चिकटला नाही.

चूल आणि चिपळ्या
बाबांबद्दल मलाही तेवढाच आदर आहे. पण 1905 साली ते घरातून निघाले तेव्हा मागे कुंताबाई होत्या, लेकरं होती. इंद्रायणीकाठ, तुमचे वडील वारीला गेले की दुकान कोण बघायचं?

इंद्रायणीकाठ
आई. गल्ल्याची किल्ली तिच्या कनवटीला असायची. ती पंढरीला पहिल्यांदा गेली ती वडील गेल्यावर, एस.टी.ने. हे मी वर लिहायला हवं होतं.