जर-तरच्या तिसऱ्या ओळीत अडकलेय

पतपेढीवाली
वय 44, कराडला पतपेढीत कर्जाच्या टेबलावर असते. रात्री भांडी आवरली की कानात हेडफोन घालून मोबाइलवर सिम्बॉलिक लॉजिकचा, म्हणजे चिन्हांत मांडलेल्या तर्कशास्त्राचा कोर्स. 'आणि', 'किंवा', 'नाही' इथपर्यंत झकास चाललं होतं. 'जर-तर'चं ट्रुथ टेबल (भाग खरे-खोटे असताना अख्खं वाक्य खरं की खोटं ते सांगणारा तक्ता) आलं आणि गाडी रुतली. दोन्ही खरी तर वाक्य खरं, पटलं. 'जर' खरं नि 'तर' खोटं, तर वाक्य खोटं, हेही पटलं. पण 'जर'च खोटं असेल तर पुढे काहीही येवो, वाक्य खरं? म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं हे खरं, आणि मामा म्हटलं असतं हेही खरं?

व्हिडिओतले सर 'ही व्याख्याच आहे' म्हणून पुढे गेले. चाचणीत 10 पैकी 3. नुसती लाल फुली येते, का चुकलं ते कळत नाही. 'तरच'वाले तर चारही चुकले. सरळ पाठ करून टाकू का?

तर्कटमास्तर
ताई, पाठ नका करू. आधी आत्याबाईंना बाजूला बसवा. 'असत्या तर असतं' हा संकेतार्थ, जे घडलंच नाही त्याबद्दलचं बोलणं. टेबलातलं जर-तर त्याहून साधं आहे. दुकानात पाटी असते, '500 च्या वर खरेदी केली तर पिशवी फुकट'. तुमचं बिल झालं 300. त्याने पिशवी दिली काय, न दिली काय, पाटी खोटी पडली का? खोटी पडते ती 600 चं बिल होऊन पिशवी मिळाली नाही तरच. टेबल तेवढंच बघतं, शब्द मोडला की नाही. नाही मोडला, तर 'खरं' लिहायचं, कारण तिसरा पर्यायच नाही.

आणि हे न पटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. ग्रीसमध्ये इ.स.पू. 300 च्या सुमारास तर्कपंडित फिलो आणि त्याचा गुरू डायोडोरस यांचं ह्याच्यावरूनच वाजलं होतं. कॅलिमाकस कवीने लिहून ठेवलंय की कोणतं जर-तर खरं यावर छपरावरचे कावळेही काव काव करतात. आपल्या टेबलात फिलोची बाजू आहे: 'जर' खरं आणि 'तर' खोटं असेल तेव्हाच वाक्य खोटं.

रात्रपाळी_कोडर
'तरच'चं उत्तर तुमच्या काउंटरवरच आहे की. 'दोन जामीनदार असतील तरच कर्ज.' जामीनदार आणले म्हणजे कर्ज मिळालंच का?

पतपेढीवाली
छे हो! दोघांना धरून आणतात आणि म्हणतात, 'आणले की जामीनदार, आता काय राहिलं?' मग मी पगारपत्रक मागते, जुनी थकबाकी बघते...

रात्रपाळी_कोडर
मग 'जर'कडून 'तर'कडे जाणारा बाण (→) जामीनदारांपासून सुटत नाही, कर्जापासून सुटतो. कर्ज मिळालंय ना, मग जामीनदार असणारच. 'तरच'च्या आधी जे येतं ते बाणाच्या टोकाला.

पतपेढीवाली
अगं बाई, म्हणजे चारही बाण उलटे काढले होते मी!

पतपेढीवाली
सकाळी उठून परत दिली चाचणी. 10 पैकी 8. एक 'किंवा'चा गेला, मी तो 'चहा की कॉफी'सारखा एकच काहीतरी म्हणून घेतला, टेबलात दोन्ही खरी असली तरी चालतं. दुसरा का गेला ते रात्री विचारते, आत्ता डबे भरायचेत.