जुन्या वॅगन-आरचा एसी: दोनदा गॅस भरला तरी हवा गरमच, कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

शहापूर_बेळगाव:
नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची वॅगन-आर, पेट्रोल, एसी कंपनीचाच. मार्चमध्ये गॅस भरला, तीन आठवडे हवा थंड आली. एप्रिलअखेर परत भरला, तो पंधरा दिवसांत गेला. त्यानंतर कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, पाच-सहा सेकंदांनी टक-टक लागायचा आणि सुटायचा. दोन दिवसांपासून लागतच नाही. ब्लोअर सगळ्या स्पीडला नीट आहे. गॅरेजवाले म्हणायलेत कॉम्प्रेसर गेला, जुन्या बाजारातला बसवूया.

दोन्ही वेळा व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं) दहा मिनिटं मारला आणि गॅस नुसता गेजवर बघून भरला, वजन केलं नाही. कॉम्प्रेसर गेलाय की नाही हे खात्रीने कसं ठरवायचं? गळती कुठून शोधायला सुरुवात करू?

निपाणी_ऑटो_एसी:
दादा, कॉम्प्रेसरला अजून हात लावू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं गॅस संपल्याची आहेत. प्रेशर स्विच साधारण २८-३० पीएसआयच्या (दाबाचं माप) खाली क्लचचा करंट तोडतो, म्हणजे कॉम्प्रेसर तेलाविना कोरडा फिरू नये. गॅस त्या काठावर आला की क्लच लागतो-सुटतो, आणखी उतरला की लागतच नाही. (अति गॅस भरला तरी टक-टक होते. तिथे ४५० पीएसआयच्या आसपास वरच्या बाजूने स्विच तोडतो. म्हणून गेज लावल्याशिवाय काही ठरवायचं नाही.)

इंजिन बंद, गाडी दोन-तीन तास सावलीत उभी. मग गेज लावा. जाड पाइपावरचा १३ मिमीचा पोर्ट लो साइडचा (कमी दाबाची बाजू), बारीक पाइपावरचा १६ मिमीचा हाय साइडचा (जास्त दाबाची). आत शुद्ध आर-१३४ए (गाडीच्या एसीचा गॅस) असेल आणि थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असेल, तर दोन्ही काटे हवेच्या तापमानाप्रमाणे एकाच आकड्यावर येतात: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४.

- आकडा यापेक्षा बराच कमी आला तर आत द्रव उरलेलाच नाही, नुसती वाफ आहे.
- ३० अंशांना १२०-१३० दिसलं तर आत हवा शिरलीय किंवा घरच्या एसीचा आर-२२ मिसळलाय. तो सगळा गॅस मशीनने काढून घ्यावा लागतो.
- आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं मात्र नव्हे. शंभर ग्रॅम असो की पाचशे, प्रेशर तेच दाखवतं. उभ्या गाडीत गेज बघून गॅस पुरेसा ठरवण्यातली चूक हीच.

क्लच वेगळा तपासा. इंजिन बंद ठेवून क्लचच्या वायरला थेट १२ व्होल्ट क्षणभर द्या, टक असा स्पष्ट आवाज यायला हवा. कॉइलचा रेझिस्टन्स ३ ते ४.५ ओहमच्या दरम्यान येतो. क्लच प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने मोजा, ०.३५ ते ०.६ मिमी चालते. जुन्या गाडीत प्लेट घासून फट वाढते आणि इंजिन तापलं की क्लच सुटतो. तेव्हा आतली एक शिम (पातळ चकती) काढली की काम होतं. त्यासाठी आख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर गॅस वजनाने पूर्ण असूनही लो साइड ६०-८० वर अडकते आणि हाय साइड १०० ते १२० च्या वर चढत नाही, इंजिन २००० आरपीएमला नेलं तरी. किंवा क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवताना अडकते, खरखरते.

शहापूर_बेळगाव:
मोजलं. हवा ३१ अंश, दोन्ही गेज २२ पीएसआयवर. कॉइल ३.७ ओहम, थेट करंट दिला की टक होतंय. प्लेट हाताने सरळ फिरतेय.

निपाणी_ऑटो_एसी:
मग कॉम्प्रेसर निर्दोष धरून चालूया. २२ पीएसआयवर स्विचने करंट तोडलाय, एवढंच झालंय.

आता गळती. गॅस जातो तिथून तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा ओलसर डाग पडतो, म्हणून आधी डोळे आणि टॉर्च. या क्रमाने बघा: कंडेन्सरचे (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) खालचे दोन्ही कोपरे (खडी आणि चिखल तिथेच बसतो), कॉम्प्रेसरच्या क्लचमागचा शाफ्ट सील (गळत असेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाची गोल रेघ उमटते), पाइपांचे जॉइंट, सर्व्हिस पोर्टच्या पिना. पिना कुणी बघत नाही, पण टोपी हरवलेल्या पोर्टची पिन हळूहळू गळत राहते. कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारी) शेवटी, कारण तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याआधी केबिनचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाला लीक डिटेक्टर धरा, आणि तिथे तेलकटपणा आहे का बघा.

डोळ्यांनी सापडलं नाही तर उरलेला गॅस मशीनने काढून घ्या आणि रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा, साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजन कधीच नको, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. टायरच्या पंपाची हवाही नको, तिच्यातून पाणी आत जातं. नायट्रोजन रात्रभर ठेवायचा असेल तर एक लक्षात घ्या: संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे २० असेल तर नुसत्या गारव्याने काटा पाच-साडेपाच पीएसआय उतरतो. ती गळती नव्हे.

उद्यमबाग_वेल्डर:
व्हॅक्यूमवर दोन शब्द, कारण बेळगावात यावरून हमखास घोळ होतो. पुस्तकात आणि यूट्यूबवर २९.९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं. तो समुद्रसपाटीचा आकडा. पणजीत तो दिसेल. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच २७.४ इंचांच्या आसपास असतो, म्हणून उत्तम पंप लावला तरी काटा २७ च्या थोडा पुढे थांबतो. पंप खराब नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आतलं पाणी ३० अंशांना उकळून वाफ व्हायला इथल्या गेजवर २६ च्या पुढे जावं लागतं. म्हणजे पाणी निघण्याची सुरुवात आणि काट्याचा शेवट यात जेमतेम सव्वा इंच. एवढा फरक काट्याच्या गेजवर कळत नाही, म्हणून वेळेवर भर द्यायचा: किमान ४५ मिनिटं, पावसाळ्यात खानापूरकडे तासभर. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारा) असेल तर १००० च्या खाली, जमल्यास ५०० पर्यंत. दहा मिनिटांत पाणी निघत नाही. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारा) भोकात बर्फ होऊन अडकतं आणि एसी अर्धा तास थंड, मग गरम, असा खेळ सुरू होतो.

व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, हेही खरं नव्हे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत जेमतेम १३ पीएसआयचा दाब असतो, चालू एसीत आतून बाहेर २०० चा. व्हॅक्यूमवर गप्प बसलेली ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी कडी) २०० ला बोलायला लागते. त्यामुळे नायट्रोजन आधी, व्हॅक्यूम नंतर.

शहापूर_बेळगाव:
कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळा डाग सापडला, साबणाच्या पाण्यात बारीक बुडबुडे येतायत. चपट्या नळ्यांचा कंडेन्सर आहे. उद्यमबागेत अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग करून घेतलं तर चालेल काय?

उद्यमबाग_वेल्डर:
पाइप असता तर होय म्हटलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आतून तेल साफ करून टिग वेल्डिंगने सांधला की टिकतो. चपट्या नळ्यांच्या कंडेन्सरला नको. नळीची भिंत कागदासारखी, एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतं, आणि कोपरा गंजून गळायला लागलाय म्हणजे बाकीचा भागही त्याच वाटेवर आहे. एपॉक्सी लावून तर मुळीच नाही, हाय साइडला ती सुटते. नवा कंडेन्सर घ्या.

निपाणी_ऑटो_एसी:
सहमत. कंडेन्सरबरोबर ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा) आणि उघडलेल्या प्रत्येक जॉइंटच्या आर-१३४एसाठीच्या ओ-रिंगा बदला. ड्रायर परवडत नाही म्हणून जुनाच ठेवणं चुकीचं. त्यातले दाणे दोनदा सिस्टीम रिकामी झाली तेव्हाच ओलावा पिऊन भरलेत. नव्या ड्रायरच्या टोप्या अगदी शेवटी काढायच्या, बाकी सगळे जॉइंट आवळून झाल्यावर. ओ-रिंगेला तेल लावून बसवा, ग्रीस नाही.

जुना कंडेन्सर काढल्यावर त्यातलं तेल पांढऱ्या कागदावर ओता. स्वच्छ किंवा हिरवट असेल तर ठीक. काळं आणि चकाकणारी चुरी दिसली तर कॉम्प्रेसर आतून झिजतोय. मग पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलावा लागेल.

तेल: कॉम्प्रेसरच्या लेबलवर पीएजी (आर-१३४एबरोबर चालणारं कृत्रिम तेल) ४६, १०० की १५० लिहिलेलं असतं, तेच घ्या. कंडेन्सर बदलल्याबद्दल साधारण २०-३० मिली, ड्रायरबद्दल १०-१५ मिली. जास्त तेल ओतून भलं होत नाही, ते कूलिंग कॉइलमध्ये साचून थंडावा कमी करतं. पीएजी हवेतला ओलावा लगेच पितं, म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली नको.

गॅस: बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं वजन हाच प्रमाण आकडा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३५० ते ५५० च्या दरम्यान असतो, म्हणून पन्नास ग्रॅमची चूकही जाणवते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, व्हॅक्यूम असतानाच आधी गॅसने होज मोकळा करा, मग भरा. इंजिन चालू असताना सिलिंडर उभा आणि फक्त लो साइडने, वाफेच्या रूपात. इंजिन चालू असताना हाय साइडचा नॉब कधीही उघडायचा नाही, उलट दाबाने सिलिंडर फुटतो. द्रवरूपात हाय साइडने भरलात तर इंजिन बंद ठेवा, आणि सुरू करण्याआधी क्लच प्लेट हाताने आठ-दहा वेळा फिरवा. आत द्रव राहिला असेल तर पहिल्या फेरीत कॉम्प्रेसर फुटतो.

बिननावाच्या स्वस्त डब्यातला गॅस नको. आर-१३४ए म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भेसळीच्या गॅसमध्ये आर-४० (मिथाइल क्लोराइड) सापडलाय, तो अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया करतो आणि धोकादायक संयुगं बनवतो. गॅस गळत असलेल्या जागी बिडी-सिगारेटही नको, आगीत आर-१३४एची विषारी वाफ होते.

चिकोडी_रोड:
मध्येच विचारतो. १९९२ ची कॉन्टेसा, आर-१२ (जुना एसी गॅस) वरची. आर-१३४ए भरला तर चालेल काय?

निपाणी_ऑटो_एसी:
नुसता गॅस बदलून नाही. जुनं खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही, ते कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही. शक्य तेवढं काढून एस्टर तेल घाला, ते उरलेल्या जुन्या तेलाशी जुळवून घेतं. ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा बदला, पोर्टला अ‍ॅडॅप्टर लावा, आणि गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरा. थंडावा किंचित कमी राहील. मोठा कंडेन्सर किंवा पुढे जादा फॅन लावलात तर भरून निघेल.

शहापूर_बेळगाव:
कंडेन्सर, ड्रायर, ओ-रिंगा बदलून झाल्या. तेल स्वच्छ निघालं. नायट्रोजन रात्रभर टिकला, व्हॅक्यूम ५० मिनिटं, गॅस स्टिकरप्रमाणे वजनाने. हवा ३३ अंश, इंजिन १५०० आरपीएम: लो ३२, हाय २०५ पीएसआय, केबिनमधल्या एसीच्या जाळीजवळ ८ अंश. पण तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबली की पाच मिनिटांत हवा कोमट होते, चालू लागली की परत थंड.

उद्यमबाग_वेल्डर:
हवा कंडेन्सरमधून जात नाहीये. थांबलेल्या गाडीत कंडेन्सरवर पाणी ओता, हाय साइड लगेच उतरली तर पक्कं समजा. एसी लावल्यावर फॅन सुरू होतोय का आणि हवा इंजिनकडे ओढतोय का बघा, वायर उलटी जोडली की तो उलटा फिरतो. मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने बघा. ऊस हंगामात पाचटाचा भुसा आणि लाल धूळ तिथे गादीसारखी बसते, समोरून दिसत नाही. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो इंजिनकडे झुकवा आणि इंजिनकडून पुढे असं मंद दाबाचं पाणी मारा. कार वॉशचा प्रेशर गन लावला तर जाळीच्या पातळ पत्र्या (फिन) वाकतात.