शब्दचर्चा: उकल ‘नियमित’ की ‘गुळगुळीत’?

प्रश्न: द्रव आणि द्रवस्फटिकांच्या (द्रवासारखे वाहणारे, पण रेणू एका दिशेला कललेले असे पदार्थ) प्रवाहाच्या समीकरणांवरचा एक अनुवाद वाचतोय. त्यात जागोजागी ‘द्रावणाची नियमितता’ असं येतं. विषय द्रवाचा, म्हणून आधी खरंच कशाचं तरी द्रावण असेल असं वाटलं! मुळात ‘रेग्युलॅरिटी’ असणार. मराठीत काय म्हणावं?

उत्तर: ‘द्रावण’ सरळ चूक. इंग्रजी ‘सोल्यूशन’चे दोन अर्थ: द्रावण आणि उकल. समीकरणाची उकल असते.

‘नियमितता’ जास्त फसवी. मराठीत नियमित म्हणजे वेळच्या वेळी, खाडा न करता. इथे प्रश्न आहे तो उकलीचं कितीदा अवकलन करता येतं, म्हणजे बदलाचा दर काढता येतो, याचा. रुळाची सरळ रेषा थेट वर्तुळाच्या कंसाला जोडली, तर डोळ्यांना कुठेच कोपरा दिसत नाही, पण गाडीला तिथे हिसका बसतो, कारण वक्रता एकदम बदलते. असा रूळ सलग आहे, एकदा अवकलनीयही आहे, पण दुसऱ्या अवकलनाला अडतो. जे कितीही वेळा अवकलन केलं तरी अडत नाही, ते गुळगुळीत. म्हणून ‘स्मूथ’ला मी गुळगुळीतच म्हणेन. ‘रेग्युलॅरिटी’ ही त्याची पायरी: ‘उकल कोणत्या प्रतीची’ असं लिहिलं की अर्थ लागतो.

प्रश्न: ‘नितळ’ का नको? पाण्याला किती शोभतो!

उत्तर: शोभतो, म्हणूनच घोटाळा होईल. नितळ म्हणजे गाळ बसून आरपार दिसणारं. आपण पाण्याबद्दल नाही, त्याच्या वेगाच्या फलनाबद्दल (कुठे, केव्हा किती वेग हे सांगणाऱ्या संबंधाबद्दल) बोलतोय. गढूळ, भोवऱ्यांनी घुसळलेल्या प्रवाहाची उकलही गुळगुळीत असू शकते. अडचण येते ती वेग एखाद्या बिंदूत अमर्याद वाढला तर. द्रवाच्या प्रवाहाच्या नाविए-स्टोक्स समीकरणांत तीन मितींमध्ये असं कधी होतं का, हे अजून सुटलेलं नाही. क्ले या गणित संस्थेनं 2000 साली त्यावर 10 लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं. दोन मितींत होत नाही, हे सिद्ध आहे. फ्रेंच गणितज्ञ लरे यांनी 1934 मध्ये तीन मितींत उकल असते हे दाखवलं, पण अवकलनाची अट सैल करून. तिला ‘दुर्बल उकल’ म्हणतात; मला ‘सैल उकल’ जास्त पटतं, कारण ढिली केली आहे ती अट. 1982 मध्ये काफारेली, कोन आणि निरेनबर्ग या गणितज्ञांनी दाखवलं की बिघाडाचे, म्हणजे वेग अमर्याद वाढणारे, बिंदू असलेच, तर इतके विरळ की अवकाश-काळात त्यांची साधी रेघही होणार नाही.

प्रश्न: आणि द्रवस्फटिकात?

उत्तर: तिथे वेगाच्या जोडीला प्रत्येक बिंदूत एक दिशा असते, काडीसारखे रेणू ज्या बाजूला कललेले असतात ती. या काड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या एका बिंदूतून चहूकडे फाकल्या, तर त्या बिंदूत दिशा कोणती? सांगताच येत नाही. गुळगुळीतपणा तिथे संपतो. आणि शब्दाचीच गंमत बघा: फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ फ्रीडेल यांनी 1922 मध्ये अशा द्रवस्फटिकांना ‘नेमॅटिक’ हे नाव धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून दिलं. सूक्ष्मदर्शकात दिसणारे ते धागे म्हणजे दिशा बिघडलेल्या रेषाच.