चर्चा: सात माणसं, मागे बंद ट्रेलर आणि चोर्ला घाट, गाडी कोणती?

जांबोटी फाटा: केटरिंगचा १२ बाय ६ फुटी बंद ट्रेलर, दोन अ‍ॅक्सलचा, भरून १६०० किलो. गाडीत घरची सात माणसं. लग्नसराईत बेळगाव–कणकुंबी–चोर्ला–गोवा आणि परत. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, क्रिस्टा की सफारी?

निपाणीचा डिझेलवाला: फॉर्च्युनर २.८ ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. विषय संपला. ५०० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर (मॅन्युअलला ४२०च), हुक थेट चेसिसला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीला बोल्ट होतो. बजेट नसेल तर स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिक, ४०० एनएम. सफारी पुढच्या चाकांवर चालते. हुकावर वजन आलं की गाडीचं बूड बसतं, तोंड उचलतं, आणि कणकुंबीच्या पावसात नेमकी ओढणारी चाकंच घसरतात. मॅन्युअल नकोच. चढावर ट्रेलर मागं-पुढं करताना क्लच जळतो, वास येईस्तोवर उशीर झालेला असतो.

उद्यमबाग: कोणती चाकं ओढतात ते पटलं. पण चेसिसचं कौतुक पुरे करा ओ. युरोपात कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या बहुतेक गाड्या मोनोकॉकच आहेत, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या. खरी अडचण टॉर्कची नव्हे, वजनाची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा, म्हणजे इथे कमीत कमी १६० किलो. सात माणसं ४५० किलो, हुकाचा सांगाडा ३०, वर बॅगा. झाले साडेसहाशेच्या वर. जीव्हीडब्ल्यूमधून (भरलेल्या गाडीचं कमाल मान्य वजन) कर्ब वजन (रिकाम्या गाडीचं) वजा करून बघा, सात आसनी गाडीत ६०० च्या आसपासच उरतात. मग फॉर्च्युनरसुद्धा ओव्हरलोडच की!

निपाणीचा डिझेलवाला: त्यात काय एवढं? जनरेटर आणि पातेली मागच्या दाराकडे सरकवा, हुकावर ६० किलोच येईल.

उद्यमबाग: हे मात्र करू नका, कुणीच. हुक हलका झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बंद डबा म्हणजे उभं शीडच. हायवेवर व्हॉल्वो बाजूनं गेली की हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. मागं जड असलेला डबा तिथून सावरत नाही. अशा वेळी गाडीचा ब्रेक मारू नये, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक हळू लावायचा. म्हणून माल ६०-४० (साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात, चाळीस मागच्या): जड सगळं अ‍ॅक्सलवर आणि किंचित पुढं, तळाला, पट्ट्यांनी आवळून. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी. उलट पुढं फार रचलं तर दोनचाकी ट्रॉलीत ऊस पुढं भरल्यावर ट्रॅक्टरचं होतं तेच होतं, तोंड वर.

हुकावरचा भार मोजायचं सोपं आहे. पूर्ण ट्रेलर वजनकाट्यावर. मग अडत दुकानातला ३०० किलोचा काटा हुकाच्या तोंडाखाली, फळ्या रचून गाडीवर जोडताना असते त्याच उंचीला. डबा सपाट हवा, पुढचं छोटं चाक वर. दिसेल तो आकडा खरा.

चिकोडी गॅरेज: दोघंही ओढण्यावरच भांडताय. चोर्ल्यात खाली थांबायचं काय? या वजनाला ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ओव्हररन ब्रेक (ट्रेलरनं गाडीला रेटलं की आपोआप लागणारे) स्वस्त, पण उतारावर ट्रेलर सतत गाडीला रेटतो, त्यामुळे ब्रेकचे शू घाटभर घासत राहतात आणि तापून धरायचे बंद होतात. इलेक्ट्रिक ब्रेक घ्या, कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी, त्या ब्रेकच्या मॅग्नेटचा एक जादा सेट डिकीत. ज्या गिअरला चढाल त्याच्या खालच्या गिअरला उतरा. खाली थांबलात की ट्रेलरच्या चारही हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) तळहात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला शू. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या साखळ्या हुकाखाली फुलीत बांधा, हुक निसटला तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही.

अथणी एक्स्प्रेस: एवढा खटाटोप कशाला? सामानाला बोलेरो पिकअप, माणसांना क्रिस्टा. ट्रेलरही कायद्यानं मोटार वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी आली. शिवाय गोव्यातल्या गल्लीत १२ फुटी डबा रिव्हर्स घेणार कोण?

जांबोटी फाटा: पिकअपला दुसरा ड्रायव्हर लागतो, तोच मिळत नाही.

उद्यमबाग: मग गाडीत पाचच माणसं बसवा. फॉर्च्युनर घ्या, पण जनरेटर तिथंच भाड्यानं.