दुसऱ्याच्या हिट गाण्याला त्याच्याच चालीत जवाब देणं: चोरी की हक्क?

मांडवीकर
परवा भाचीचं लग्न झालं, मुलाकडचे गुजराती. वाडीवर, म्हणजे लग्नाच्या हॉलवर, जेवणाच्या आधी दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या आणि तिकडून फटाणं सुरू झालं. बाहेरच्यांसाठी सांगतो, फटाणं म्हणजे लग्नात समोरच्या पक्षाची टर उडवायचं गाणं. आमच्याकडच्या वेवाणबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, किती लाडू खाल्ले, एक, दोन, पाच, करत करत वीसपर्यंत गेल्या. आमच्याकडच्या बायका नुसत्या हसत बसलेल्या, तेवढ्यात आमची काकू उठली, जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलेला त्यामुळे गुजराती पक्कं, तिने टाळी त्यांचीच धरली, चाल त्यांचीच घेतली आणि शब्द फिरवले, की लाडू आम्ही खाल्ले खरे, पण बाई तुम्ही जेवायला आलात की मोजायला? अख्खी वाडी हसली, त्यांच्याकडच्या वेवाणबाई सगळ्यात जास्त.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, हे तर कॉपी झालं ना. तिथून वाद पेटला. माझं म्हणणं, चाल तीच ठेवली म्हणूनच ते लागलं, वेगळ्या चालीत म्हटलं असतं तर नुसतं अजून एक गाणं झालं असतं. अमेरिकेत 1952 मध्ये हेच झालं. हँक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' तिकडच्या कंट्री गाण्यांच्या यादीत 15 आठवडे एक नंबरला होतं, त्यातला पुरुष रडतो की ती त्याला सोडून बारच्या झगमगाटात गेली, देव अशा बायका बनवतो हे ठाऊकच नव्हतं. त्याला किटी वेल्सने त्याच चालीत उत्तर दिलं की देवाला मध्ये आणू नका, लग्न झालेले पुरुष बाहेर स्वतःला कुंवारे समजून हिंडतात त्याचं हे फळ आहे. ती तेव्हा गाणं सोडून घरी बसायच्या बेतात होती, 125 डॉलर मिळतील म्हणून रेकॉर्ड केलं. रेडिओवाल्यांनी त्यावर बंदी घातली आणि तरी ते सहा आठवडे एक नंबरला राहिलं. त्या यादीत एकट्या बाईचं गाणं वर जायची ती पहिलीच वेळ. याला चोरी म्हणायचं?

अकोटावाला
दादा, काकूंना नमस्कार, पण फटाणं आणि रेकॉर्ड एका तागडीत नका तोलू. फटाण्याचा मालक कोणी नाही, ते सगळ्या गावाचं. रेकॉर्डवर कोणाचं तरी घर चालतं. 1953 मध्ये बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' गाजलं आणि काही आठवड्यांत मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने रूफस थॉमसकडून 'बेअर कॅट' गाऊन घेतलं, चाल तीच, शब्द उलटे, आणि सन कंपनीचं ते पहिलं हिट. केस झाली आणि सनवाले हरले, बरोबरच झालं. मी स्वतः लग्नात की-बोर्ड वाजवतो, एक चाल बसवायला रात्र रात्र जाते हो, आणि मग कोणीतरी येऊन त्यावर चार ओळी चिकटवणार आणि म्हणणार मी जवाब दिला, हे मला नाही पटत. जवाब द्यायचा तर स्वतःची चाल बांधा.

मांडवीकर
सनवाल्यांनी परवानगी घ्यायला हवी होती, पैसे द्यायला हवे होते, मान्य, एकदम मान्य. पण थॉम्पसनची चाल तरी कुठे त्याच्याकडची होती? तीच चाल कार्टर फॅमिलीच्या जुन्या गाण्यात आहे, मग रॉय अकफच्या 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड'मध्ये, जे चक्क देवाधर्माचं गाणं. म्हणजे भजनाची चाल बारच्या गाण्याला लागली तेव्हा कोणी ओरडलं नाही, बाईने उत्तर दिलं तेव्हा बंदी!

कुडाळ ते कारेलीबाग
तुम्ही दोघं चालीवर भांडताय, माझा आक्षेप वेगळाच आहे. आमच्याकडे सिंधुदुर्गात डबलबारी असते, दोन भजनी बुवा आमनेसामने, रात्रभर. चाली बऱ्याचदा सिनेमाच्याच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण एका बुवाने प्रश्न टाकला की दुसऱ्याने तिथेच, त्याच मांडवात उत्तर द्यायचं, आणि मग पहिल्याला परत पाळी मिळते. कलगी-तुऱ्यातही तेच, कलगीवाला शक्ती मोठी म्हणणार, तुरेवाला शिव मोठा म्हणणार, पण दोघं समोर. रेकॉर्डमध्ये समोरचा असतोच कुठे? साहिरने 'फिर सुबह होगी' (1958) मध्ये शायर इक्बालच्या 1910 च्या 'तराना-ए-मिल्ली' या कवितेला उत्तर दिलं, सुरुवात इक्बालच्याच शब्दांनी आणि लगेच पुढे, राहायला घर नाही आणि म्हणे सारं जग आमचं. खय्यामची चाल, मुकेशचा आवाज, गाणं अप्रतिम आहे, मला पाठ आहे. पण इक्बाल 1938 लाच गेले होते. त्यांनी काय म्हणायचं? ज्याला पाळीच मिळणार नाही त्याला जवाब देणं म्हणजे रिकाम्या मांडवात जिंकणं.

वासंती_रावपुरा
कुडाळकर, पाळी मिळत नाही म्हणताय ना, मग मूळ गाण्यात जिच्याबद्दल गायलंय तिला कधी मिळाली होती पाळी? आमच्या बाबांकडे जिम रीव्हजच्या कॅसेट होत्या, रविवारी सकाळी टेप चालू. 'ही'ल हॅव टू गो' मध्ये तो बारमधून फोन करतो आणि तिला सांगतो, तुझ्याजवळ जो बसलाय त्याला जायला सांग. त्याचा आवाज इतका मऊ की आपण लगेच त्याच्या बाजूचे होतो, पण फोनच्या त्या टोकाला ती आहे आणि पूर्ण गाण्यात तिचा एक शब्द नाही. 1960 मध्ये जीन ब्लॅकने त्याच चालीत तिची बाजू गायली, की नाही, हाच राहणार, तूच उशीर केलास. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळिशी उलटली होती आणि अंगावर काटा आला, इतकी वर्षं तेच गाणं गुणगुणले आणि तिचा विचारच केला नव्हता. अमेरिकेत ते चौथ्या नंबरपर्यंत गेलं. नवीन चालीत गायली असती तर तोच फोन आहे हे कळलं असतं का?

आणि 1984 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पोरांच्या ग्रुपने 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' काढलं, भाव न देणाऱ्या मुलीवर, तर 14 वर्षांच्या पोरीने रॉक्सॅन शांते नाव घेऊन उत्तर दिलं, मग त्याला उत्तर, परत उत्तर, डझनावारी रेकॉर्ड निघाल्या. ती डबलबारीच झाली की.

अकोटावाला
मावशी, जिम रीव्हजचं पटलं, खरंच, आज रात्री ऐकतो. पण कोलावरीच्या वेळचं आठवा, 2011 मध्ये दर दोन दिवसांनी लेडीज व्हर्जन, अमुक व्हर्जन, त्यात म्हणायचं कोणाकडे काय होतं? चाल गाजतेय म्हणून चढले गाडीत. किटी वेल्सला सांगायचं होतं काहीतरी, यांना नाही. तिच्यासाठी मी माझा मुद्दा मागे घेतो, यांच्यासाठी नाही.

कुडाळ ते कारेलीबाग
रॉक्सॅनचं माहीत नव्हतं, ते माझ्या हिशेबात बसतं. साहिरबद्दल मी अजून तिथेच आहे.

मांडवीकर
आत्ताच काकूशी बोललो. वेवाणबाईंनी जाताना तिच्याकडून त्या ओळी लिहून घेतल्या म्हणे, आणि रविवारी रिसेप्शनला उत्तर घेऊन येतेय असं सांगून गेल्यात. काकू सकाळपासून पोळ्या लाटता लाटता पुढचं कडवं जुळवतेय, आणि मला ऐकवायला तयार नाही, म्हणते तू फुटशील.