प्रबंधाची तारीख जवळ आली की खाज का सुटते?

प्रश्न: प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेत आणि डाव्या कोपराच्या घडीत पुन्हा तोच लाल चट्टा उठलाय. साबण तोच, कपडे तेच. मागे तोंडी परीक्षेच्या आधीही असंच झालं होतं. झोपेत खाजवते, सकाळी नखांत सालपटं दिसतात. घरचे म्हणतात, “डोक्यात घेऊ नकोस.” म्हणजे हे मनाचेच खेळ का?

उत्तर: छे! चट्टा खराच आहे. ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ते बरेच दिवस चढं राहिलं की त्वचेच्या वरच्या थरातले स्निग्ध पदार्थ कमी बनतात, विटांमधला चुना झडावा तसं. ओलावा उडतो, जंतूंना मारणारी प्रथिनंही घटतात. त्यात मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारी रसायनं त्वचेतल्या मास्ट पेशींना (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) डिवचतात, त्या हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात. झाली खाज सुरू! १९९८ च्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूला छोटी जखम केली होती. सुट्टीपेक्षा परीक्षेच्या काळात ती भरायला सरासरी ३ दिवस जास्त लागले.

प्रश्नकर्ती: ऐन परीक्षेत टाळूला जखम? धन्य आहेत!! पण मग प्रबंध संपेपर्यंत मी काय करू?

दुसरं उत्तर: मलाही हाच त्रास आहे. अंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच जाडसर मलम. नखं आजच काप. चट्ट्यातून पाणी येऊ लागलं किंवा पिवळी खपली धरली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तारीख-बिरीख बघू नकोस.